ग्राफिटीच्या शैलीत अद्वैत रंगवताना अक्षर ठेवावे की पुसावे?

प्रश्न : आंबानगरी (अंबाजोगाई)

नमस्कार. मी अंबाजोगाईला शाळेत चित्रकला शिकवते आणि गेली दोन वर्षे सवड मिळेल तशी एका चित्रमालिकेवर काम करते आहे. ज्या गावात मुकुंदराजांची समाधी आहे आणि दासोपंतांची पासोडी (तत्त्वज्ञान लिहिलेले लांबलचक कापड) जतन करून ठेवलेली आहे, त्या गावात वाढलेल्या मुलीच्या कानावर विवेक, पंचीकरण, नामरूप हे शब्द अर्थ कळण्याच्या कितीतरी आधी पडलेले असतात. पुढे कलामहाविद्यालयात गेल्यावर मला ग्राफिटीने झपाटले. रंगाचा डबा हलवताना आतल्या गोळीचा होणारा खडखडाट, एका दमात भिंतीवर उमटणारा अक्षराचा फराटा आणि त्याच्या टोकाशी सुटलेला ओघळ यांत मला जे मिळते, ते मांडून ठेवलेल्या सुरया आणि फळे रंगवताना कधी मिळाले नाही. या दोन्ही ओढी एकाच पृष्ठभागावर आणाव्यात, एवढीच माझी इच्छा आहे.

आतापर्यंत पाच बाय चार फुटांची सहा चित्रे झाली आहेत. पंचीकरणाचे, म्हणजे पंचमहाभूतांच्या परस्परमिश्रणाचे, प्रमाण मी रंगांच्या मिश्रणात काटेकोरपणे पाळले. पाच भूतांसाठी पाच रंग घेतले आणि प्रत्येकात अर्धा भाग त्याचा स्वतःचा व उरलेल्या चार रंगांचा प्रत्येकी एक अष्टमांश असा हिशेब ठेवला. त्यामुळे कोणताही रंग निर्भेळ उरला नाही आणि पाचही रंग एका घरातली भावंडे असावीत तसे दिसू लागले. हा भाग साधला आहे असे मला वाटते. खरी अडचण अक्षरांपाशी आहे.

पहिल्या चित्रावर मी 'अहं ब्रह्मास्मि' हे महावाक्य जाड, एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांत फवारले होते. आमच्या शाळेतील एका सहकाऱ्यांनी ते वाचले, मान डोलावली आणि ते पुढच्या चित्राकडे वळले. वाचून झाले आणि चित्र संपले, असे माझ्या डोळ्यांदेखत घडले. शाळेच्या व्हरांड्यातील सुविचाराच्या फळ्यात आणि माझ्या चित्रात मग फरक काय राहिला?

दुसरी शंका याहून खोल आहे. ग्राफिटीचा जीव 'टॅग' या प्रकारात आहे, आणि टॅग म्हणजे आपले नाव, 'मी येथे होतो' अशी खूण. अजिंठ्याच्या १० क्रमांकाच्या लेण्यात १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने तेथील चित्रावर आपले नाव आणि तारीख कोरली, ती खूण आजही तेथे आहे. तो ओरखडा पाहिल्यावर मला दरवेळी वाटते की, नाव कोरण्याची ही ऊर्मी आणि नामरूपाच्या पलीकडे पाहायला सांगणारे तत्त्वज्ञान यांचा मेळ बसणेच शक्य नाही. चित्रकलेतील आणि वेदान्तातील जाणकारांनी आपले मत सविस्तर मांडावे, ही विनंती.

उत्तर १ : जुना विद्यार्थी (नांदेड)

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण चित्र आणि अद्वैत यांची गाठ आपल्याकडे फार पूर्वीच पडलेली आहे. चौदाव्या शतकातील विद्यारण्यांच्या 'पंचदशी'त 'चित्रदीप' नावाचे सहावे प्रकरण आहे आणि त्याची सुरुवातच चित्राच्या कापडाने होते. कापडाच्या चार अवस्था तेथे सांगितल्या आहेत. धुतलेले स्वच्छ कापड 'धौत', खळ देऊन घोटलेले 'घट्टित', शाईने रेखाटन केलेले 'लांछित' आणि रंग भरलेले 'रंजित'. या चार अवस्थांना अनुक्रमे शुद्ध चैतन्य, अंतर्यामी (मायेसह असलेले चैतन्य), सूत्रात्मा (सूक्ष्म सृष्टीतील चैतन्य) आणि विराट (स्थूल सृष्टीतील चैतन्य) यांची उपमा दिली आहे. कापड चारही वेळा तेच असते, ही त्यातील गोम आहे. रंग भरला म्हणून कापड गेले असे होत नाही. आपण रंगाकडे पाहू लागतो आणि कापड दिसेनासे होते.

चित्रकार म्हणून आपण या चारही अवस्थांतून दरवेळी जात असताच, फक्त शेवटची अवस्था प्रेक्षकाला दाखवता आणि आधीच्या तीन झाकून टाकता. त्याऐवजी एकाच चित्रात कोरे कापड, नुसती खळ दिलेला भाग, रेखाटन आणि पूर्ण रंगवलेला भाग असे चारही उघडे ठेवून पाहावेत. पाहणाऱ्याची नजर रंगावरून कापडावर आणि कापडावरून पुन्हा रंगावर जात राहील आणि त्याला काही वाचायची घाई उरणार नाही.

आता पासोडीविषयी. दासोपंतांनी (१५५१–१६१५) सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशा कापडावर पंचीकरणाचा विषय अक्षरांत आणि आकृत्यांत मांडला. भिंतीएवढ्या पृष्ठभागावर तत्त्वज्ञान लिहिण्याचे धाडस आपल्याच गावात चारशे वर्षांपूर्वी झाले आहे, तेव्हा आपण परक्या प्रांतात शिरलो आहोत अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र पासोडीत आणि आपल्या पहिल्या चित्रात एक मोठा फरक आहे. पासोडी समजावून देण्यासाठी आहे. तिच्यापुढे एक सांगणारा आणि एक ऐकणारा गृहीत आहे. महावाक्यही तसेच असते. गुरूने शिष्याला, योग्य वेळी, योग्य तयारीनंतर सांगायची ती गोष्ट आहे. आपण ती सांगणाऱ्यावाचून भिंतीवर ठेवली, म्हणून तिचा सुविचार झाला.

माझी सूचना अशी की, वाक्य लिहिण्यापेक्षा पद्धत उचलावी. वेदान्ताची शिकवण्याची पद्धत 'अध्यारोप आणि अपवाद' अशी आहे. आधी वस्तूवर काही आरोप करायचा आणि मग तो क्रमाने काढून घ्यायचा. अंधुक उजेडात दोरीवर साप दिसतो, दिवा आणल्यावर तो मावळतो, आणि दोरी आधीही होती, नंतरही असते. ग्राफिटीची भिंत नेमकी अशीच जगते. एकावर एक नावे चढत जातात आणि एके दिवशी त्यांवर रंगाचा सपाट हात फिरतो. आपणही लिहावे, त्यावर लिहावे आणि शेवटी सगळे पांढऱ्याने काढून घ्यावे.

उत्तर २ : भिंतफवारा (छत्रपती संभाजीनगर)

ताई, मला वेदान्तातले फारसे कळत नाही, पण टॅगबद्दल तुमच्या मनात जी अढी आहे तिच्याविषयी लिहावेसे वाटले. फिलाडेल्फियात साठच्या दशकात 'कॉर्नब्रेड' आणि न्यूयॉर्कमध्ये १९७१ च्या सुमारास 'टाकी १८३' ही नावे गाजली, पण ती जन्मनावे नव्हती. टाकी हे लाडके नाव होते आणि १८३ हा राहत्या रस्त्याचा क्रमांक होता. म्हणजे टॅग करणारा पहिल्याच पावलाला आपले घरचे नाव बाजूला ठेवतो. पुढे तेच नाव हजारदा लिहिता लिहिता अक्षरे एकमेकांत इतकी अडकतात की 'वाइल्डस्टाइल'मध्ये नवख्याला त्यातले एकही अक्षर लागत नाही. नावाचा अर्थ गळून पडतो आणि मनगटाची लय तेवढी राहते. मी स्वतः आठ वर्षे एकच टॅग लिहितो आहे. आता लिहिताना 'हे माझे नाव' असे मनात येतच नाही.

माझ्या मनात एक साधी कल्पना आली. तुम्ही नुसता 'मी' हाच टॅग का घेत नाही? भिंतीवरचे दुसरे कोणतेही नाव वाचताना माणूस दुसऱ्याचे नाव वाचतो. 'मी' वाचताना मात्र जो वाचेल तो स्वतःलाच वाचतो. हे असे नाव आहे की ते सगळ्यांचे आहे आणि कोणा एकाचे नाही.

जाता जाता एक उदाहरण देतो. कैरोच्या मनशियत नासर वस्तीत एल सीड या कलावंताने २०१६ साली जवळजवळ पन्नास इमारतींवर मिळून एकच अरबी वाक्य रंगवले. गल्लीत उभे राहिले तर भिंतीवर नुसते रंगाचे वळसे दिसतात. मोकत्तम टेकडीच्या एका जागेवरूनच ते सलग वाचता येते. वाक्याचा आशय असा आहे की, ज्याला सूर्यप्रकाश स्वच्छ पाहायचा आहे त्याने आधी आपले डोळे पुसावेत. वाक्य भिंतीवरच लिहिले, पण त्याचा सुविचार झाला नाही, कारण पाहणाऱ्याला आपली जागा बदलावी लागली.

उत्तर ३ : पेंटर काका (जिंतूर)

मी १९८२ पासून भिंती रंगवतो. बियाण्यांच्या आणि सिमेंटच्या जाहिराती, कुटुंबनियोजनाच्या घोषणा, शाळांवरचे नकाशे आणि निवडणुकीतील उमेदवारांची नावे हे सगळे या हाताने लिहिले आहे. आचारसंहिता लागली की मीच लिहिलेली नावे मलाच चुन्याने पुसावी लागत, तेव्हा लिहिण्यापुसण्याबद्दल मला थोडे बोलता येईल असे वाटते.

उत्तर १ मधील साहेब म्हणतात, शेवटी पांढऱ्याने काढून घ्यावे. पण चुन्याने पुसलेले अक्षर कधीच पुसले जात नाही, हे भिंतीवर काम केलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. ओला चुना लावता तेव्हा तो पाण्यासारखा असतो आणि खालचे अक्षर जसेच्या तसे दिसते. नवशिका पोरगा घाबरून हातावर हात मारत सुटतो. तासाभराने चुना वाळतो, पांढरा होतो आणि अक्षर बुडते. पुढे मृगाचा पाऊस पडला, भिंत भिजली, की तेच अक्षर पुन्हा वर येते. ऊन पडले की परत बुडते. आमच्या गावातील एका भिंतीवर मी लिहिलेले एक नाव असे कितीतरी पावसाळे येत-जात राहिले. ते नाव लिहिणारा मी, पुसणाराही मीच. पण पावसाळ्यात त्याच्याकडे पाहताना ते मी लिहिले असे न वाटता भिंतीनेच ते धरून ठेवले आहे असे वाटे.

हे आपल्या चित्रात आणायचे असेल तर कॅनव्हास सोडावा लागेल. कापड लवचिक असते आणि चुना त्यावर तडकतो. जाड प्लायवर किंवा सिमेंटच्या शीटवर चुना आणि बारीक वाळूचा पातळ गिलावा करून घ्या. डब्यातला फवाऱ्याचा रंग गिलाव्यावर तेलकट पापुद्रा धरतो आणि त्यावर चुना बसत नाही, पोपडे निघतात. म्हणून अक्षरासाठी गेरू, पिवळी माती आणि काजळी हेच रंग वापरा. चुन्याच्या तिखटपणापुढे मातीचे रंग टिकतात, झाडपाल्याचे उडून जातात. फवारा सोडायचा नसेल तर हाताने दाब भरायचा लहान पंप बाजारात मिळतो, तो घ्या. गेरूचे पाणी दुहेरी फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर नोझल चोंदते. मात्र शेतातला औषधाचा पंप धुऊन वापरू नका, नवाच घ्या. चुना कळीचा आणा, आठवडाभर भिजू द्या, गाळा आणि दुधापेक्षा पातळ करा. काही जण त्यात फेव्हिकॉल घालतात. मी घालत नाही, कारण मग तो थर पाणी पीत नाही आणि भिजल्यावर खालचे काही दिसत नाही. डोळ्यांना चष्मा लावल्याशिवाय चुन्याला हात लावू नका.

आणखी एक सांगतो. आमच्याकडे गावठाणाला 'पांढरी' म्हणतात आणि शेताला 'काळी'. पांढरीच्या मातीच्या भिंती, त्याच मातीचा पोतारा आणि त्यावर त्याच मातीच्या कुळातला गेरू. भिंत वेगळी आणि रंग वेगळा हे मला डबाबंद रंग आल्यावर समजले. त्याआधी रंग म्हणजे दुसऱ्या रानातून आणलेली माती एवढेच होते.

उत्तर ४ : गोदातीर (पैठण)

पेंटर काकांनी जे लिहिले आहे ते वाचून मी बराच वेळ थांबले. त्यांच्या शेवटच्या परिच्छेदात मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर आलेले आहे, आणि त्याच आधारावर मला पहिल्या उत्तराशी आदरपूर्वक मतभेद नोंदवायचा आहे.

अध्यारोप आणि अपवाद ही पद्धत खरी आहे, परंतु चित्रात ती शब्दशः उतरवली की एक चुकीची समजूत पक्की होते. अक्षरे म्हणजे भ्रम, पांढरा पृष्ठभाग म्हणजे सत्य, आणि भ्रम झाकला की सत्य मिळाले! पांढरा थर हाही एक थरच आहे. रंगांवर पांढरा रंग चढवून आपण द्वैत संपवत नाही. एक नवे द्वैत उभे करतो, त्यात पांढरा जिंकलेला असतो आणि बाकीचे हरलेले असतात. भिंतीवरची नावे सफाईसाठी पुसणारा माणूसही हेच करतो आणि त्याला कोणी अद्वैती म्हणत नाही.

आमच्या आपेगावात जन्मलेल्या ज्ञानदेवांनी वेगळी वाट दाखवली आहे. जग हे झाकून टाकण्याजोगे मिथ्या नाही, तो चैतन्याचाच विलास आहे, अशी त्यांची धारणा 'अमृतानुभवा'त दिसते. चांगदेवांनी कोरा कागद पाठवला त्याची कथा सर्वांना माहीत आहे. अद्वैत कोरेपणात असते तर त्या कागदाला उत्तराची गरजच नव्हती. पण उत्तर गेले ते पासष्ट ओव्यांचे, म्हणजे 'चांगदेव पासष्टी'. त्यांतील एका ओवीत म्हटले आहे, 'कल्लोळकंचुक न फेडितां उघडें उदक'. लाटांची चोळी पाण्याने घातलेली दिसते, पण ती न उतरवताही पाणी उघडेच आहे, कारण लाट पाण्याचीच आहे. आता लाटेच्या जागी अक्षर ठेवा आणि पाण्याच्या जागी रंग किंवा भिंत ठेवा. अक्षर पुसायची गरज नाही. अक्षर पाहत असतानाच ते भिंतीचे आहे हे दिसले पाहिजे.

'चांगदेव पासष्टी'च्याच आरंभी 'प्रगटे तंव तंव न दिसे, लपे तंव तंव आभासे' असे चरण आहेत. ते वाचताना मला अमेरिकन चित्रकार बास्किया आठवतो. तो आपल्या चित्रांत लिहिलेल्या शब्दांवर काट मारत असे, आणि काट मारलेला शब्दच लोक अधिक निरखून वाचतात असे त्याचे म्हणणे होते. बास्कियाला वेदान्त सांगायचा नव्हता, आणि त्याच्या तोंडी तो घालू नये; झाकणे आणि दिसणे यांचे नाते मात्र त्याच्या हाताला नेमके कळले होते. पेंटर काकांची भिजणारी आणि वाळणारी भिंत त्याच्याही पुढे जाते, कारण तेथे झाकणारा आणि दाखवणारा थर एकच आहे. तोच चुना कोरडा असताना लपवतो आणि ओला झाला की उघड करतो.

औंढ्याच्या देवळातील विसोबा खेचरांची गोष्टही येथे लागू पडते. नामदेवांनी त्यांना पिंडीवर पाय ठेवून निजलेले पाहिले, तेव्हा ते म्हणाले की जेथे देव नाही अशा ठिकाणी माझे पाय उचलून ठेव. नामदेवांना तशी जागा सापडली नाही. आपल्या चित्रात 'ही रिकामी पार्श्वभूमी आणि हे महत्त्वाचे अक्षर' अशी विभागणी जोपर्यंत आहे, तोपर्यंत पाय ठेवायला जागा शिल्लक आहे असेच मी म्हणेन. आपल्या पंचीकरणाच्या रंगांचा खरा उपयोग येथे होईल. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत मिश्रणाचे प्रमाण तेवढे बदला, द्रव्य तेच ठेवा.

एका गोष्टीत माझे आणि उत्तर १ मधील सरांचे पूर्ण एकमत आहे. महावाक्ये लिहू नका.

उत्तर ५ : जुना विद्यार्थी (नांदेड)

गोदातीर यांचा आक्षेप मी मान्य करतो, परंतु अर्धाच. अपवाद म्हणजे झाकणे नव्हे, हे मीच स्पष्ट करायला हवे होते. दिवा आणल्यावर साप कोणी झाकत नाही. साप म्हणून जे दिसत होते ते दोरी आहे एवढेच कळते. पांढऱ्याने काढून घ्यावे हे माझे शब्द त्या दृष्टीने चुकीचे होते. तथापि नुसत्या विलासावर भर दिला तर चित्र सुखद नक्षी होऊन बसण्याचा धोका तितकाच मोठा आहे. साप दिसण्याचा क्षण आणि तो मावळण्याचा क्षण, दोन्ही प्रेक्षकाच्या वाट्याला यायला हवेत. पेंटर काकांच्या तंत्रात ते दोन्ही येतात, म्हणून माझे मत आता त्यांच्या बाजूने आहे.

आंबानगरी (अंबाजोगाई)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण आधी करून पाहावे असे वाटले.

दोन बाय दोन फुटांच्या सिमेंटच्या शीटवर काकांनी सांगितले तसा गिलावा केला. पहिला तुकडा वाया गेला. गिलावा पूर्ण वाळल्यावर गेरू लावल्यामुळे तो हाताला भुकटीसारखा लागू लागला. दुसऱ्या वेळी गिलावा ओलसर असतानाच फवारले, तेव्हा गेरू आत मुरला. 'मी' हे एकच अक्षर घेतले आणि ते निरनिराळ्या मापांत, एकावर एक, मनगट दुखेपर्यंत लिहिले. सुरुवातीला प्रत्येक 'मी' वेगळा ओळखू येत होता. साधारण चाळिसाव्या अक्षरानंतर वेलांट्यांची एक जाळी तेवढी उरली आणि तिच्यातून मागचा गिलावा डोकावू लागला. पार्श्वभूमीही त्याच गेरूची, फक्त चुन्याचे प्रमाण वाढवलेली, अशी केल्यामुळे अक्षर कोठे संपते आणि भिंत कोठे सुरू होते हे जवळून सांगता येत नाही. त्यावर पातळ चुन्याचे तीन हात दिले.

वाळल्यावर तो तुकडा व्हरांड्यात टेकवून ठेवला होता. पहिले चित्र वाचून पुढे गेलेले तेच सहकारी आले आणि 'हे अजून रंगवायचे आहे का?' असे त्यांनी विचारले. मी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि वरून धार सोडायला सांगितली. पाणी जिथपर्यंत उतरले तिथपर्यंत तांबडी वळणे वर आली. त्यांनी एक 'मी' वाचला, मग बोटाने दुसरा शोधला आणि पूर्ण वाळेपर्यंत, म्हणजे जवळजवळ अर्धा तास, ते तेथेच बसून होते. काय वाचले ते मी त्यांना विचारले नाही.

आता काकांना दोन प्रश्न आहेत. पाच बाय चार फुटांच्या शीटचे वजन भिंतीवरच्या खिळ्यांना पेलेल का, की खाली लाकडी घडवंची करून घ्यावी? आणि प्रदर्शनात लोक रोज पाणी ओतू लागले तर चुन्याचे तीन हात किती दिवस टिकतील? डाव्या कोपऱ्यात, जेथे मी धार सारखी सोडत होते, तेथे चुना विरळ झालेला आताच दिसतो आहे.

पेंटर काका (जिंतूर)

घडवंचीच करून घ्या, खिळ्यांच्या भरवशावर राहू नका. पहिला महिना पाणी अगदी कमी दाखवा; चुना हवेने हळूहळू घट्ट होत जातो आणि मग सहज धुपत नाही. तरीही कोपरा विरळ होणारच. तेथे दरवेळी नवा हात द्या, जुन्या थराशी तो एकजीव होतो.